चाळीसच्या पुढे वाजणाऱ्या बांगड्या

आधीच माफी मागते. आमच्या घरात आजवर लिहिणं म्हणजे सही करणं, एवढंच होतं. कॉलेजात गेलेली पहिली मीच. मी लिहिलंय तेही प्रॅक्टिकलचं जर्नल आणि शिष्यवृत्तीचे अर्ज. एखाद्या माणसाबद्दल कसं लिहितात ते मला ठाऊक नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांना हे कळलं, तर त्या म्हणतील, माझ्यावर लिहायला, तुला दुसरं काम नाही का. तरीही लिहिते. परवा त्यांचा फोन आला आणि त्यानंतर मला दुसरं काही सुचेना.

धुळ्याला बी.एस्सी. करत असताना मी ज्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायचे, त्या आमच्या घरमालकीण. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही. जातीनं आणि धंद्यानं कासारीण. आठवड्याचे बाजार करायच्या. साक्री, पिंपळनेर, मधली लहान गावं. काचेच्या बांगड्या, आरसे, कुंकू, रिबिनी. आणि हा सगळा माल त्या स्वतः पिकअप चालवत न्यायच्या. साडीवर मालकांचा जुना पांढरा शर्ट, डोक्याला पंचा, आणि पायात काही नाही. चप्पल घातली की गाडी काय म्हणते ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. टोलनाक्यावरची मुलं त्यांना सलाम करायची. त्याही करायच्या, पण स्टिअरिंगवरून हात न काढता, नुसत्या भुवयांनी.

मी जळगावकडची. आमची बोली वेगळी, त्यांची अहिराणी वेगळी. पहिल्या महिन्यात त्या काय बोलतात ते मला अर्धंच कळायचं. पण एक शब्द पहिल्याच दिवशी कळला. माझ्या हातून चहाचा कप पडला आणि मी घाबरून म्हणाले, "अक्का, कप फुटला." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिवीच दिली होती.

"फुटना नको म्हनू. वाढना म्हन."

बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, हे मलाही माहीत होतं. आईही म्हणते. पण अक्कांनी तो नियम सगळ्या जगाला लावला होता. कप वाढायचा, फरशी वाढायची, सायकलची काच वाढायची. एकदा माझा केमिस्ट्रीचा पेपर वाईट गेला आणि मी जिन्यात रडत बसले. त्या खालून म्हणाल्या, "पेपर वाढना का वं?" रडता रडता मला हसू आलं. मग त्यांनी वर येऊन माझा हात हातात घेतला आणि काही न विचारता दोन लाल बांगड्या चढवल्या. मी बांगड्या घालत नव्हते. आमच्या वर्गात कुणीच घालत नव्हतं. पण अक्का हात दाबतात तेव्हा नको म्हणता येत नाही. आपल्याला कळायच्या आत हाड कुठेतरी मऊ होतं आणि काच मनगटावर जाऊन बसते.

त्यांच्या स्वतःच्या हातात मात्र काच नव्हती. मालक गेल्यापासून नाही. स्टीलचं एक कडं तेवढं होतं, तेही डाव्या हातात. गिअर टाकताना उजव्या हाताला अडथळा नको, असं त्या सांगायच्या. गिअर डाव्या हातानं टाकतात हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मालक गेल्यावर धंद्याची वाटणी झाली, ती कुणी कागदावर केली नाही, आपोआपच झाली. बाजार अक्कांकडे आले आणि लग्नघरं दिराकडे गेली. नवरीला हिरवा चुडा भरायचा तो विधवा बाईच्या हातून कसा भरायचा, असं लोकांच्या मनात. तोंडावर कुणी म्हणायचं नाही. चुड्याच्या बांगड्या अक्कांकडूनच नेत, कारण त्यांच्याकडचा हिरवा रंग चांगला असायचा. भरायला मात्र दिराला बोलावत. अक्का याबद्दल कधी बोलल्या नाहीत. फक्त लग्नाच्या दिवसांत त्या घरात जास्त मोठ्यानं बोलायच्या, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

आता गाडीचं सांगते. कारण अक्कांचं सांगायचं म्हणजे गाडीचं सांगावंच लागतं.

पिंपळनेरच्या बाजारात रोशनी नावाची एक मुलगी यायची. लहान होती तेव्हापासून अक्कांच्या पालासमोर उभी राहून आरशात नाक चपटं करायची, म्हणून अक्कांना ती आवडायची. तिचं लग्न ठरलं. माझ्यासमोरच ती बाजारात आली आणि म्हणाली, "मना चुडा तूच भरजो, अक्का."

अक्कांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. दोन-सहा मापाच्या बांगड्या मोजत बसल्या, चुकल्या, पुन्हा मोजल्या. पण घरी परतताना गाडी चालवताना त्या मधेच म्हणाल्या की रोशनीच्या मळ्याकडे जाताना नाल्यावर पूल नाही, नुसती दगडी फरशी आहे आणि तिथं गाडीचं पोट घासतं.

त्याच आठवड्यात त्यांनी गाडी उंच करून घेतली. मिस्तरीकडे नेली. मागच्या चाकांचा आस आणि त्याच्या स्प्रिंगचे कमानपाटे यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे, म्हणजे गुटके, बसवले, पुढूनही वर घेतली, टायर मोठे टाकले. गाडी एकदम उंटासारखी दिसायला लागली. गल्लीत लोक विचारू लागले, अक्का, हे काय. अक्कांनी सांगितलं, बुटक्या गाडीला म्हशी भीत नाहीत. एकाला सांगितलं, वरून रस्ता चांगला दिसतो. तिसऱ्याला म्हणाल्या, गाडी वयात आली. खरं कारण मला माहीत होतं, पण त्यांनी मलाही ते तोंडानं सांगितलं नाही.

आणि गाडी थरथरायला लागली.

चाळीसपर्यंत काही नाही. चाळीसच्या पुढे काटा गेला की खालून एक घूं घूं आवाज सुरू व्हायचा, मग सीट, मग स्टिअरिंग, मग दात. पंचावन्नला तर असं वाटायचं की आपण गाडीत नाही, गिरणीत बसलोय. मागे लोखंडी दांड्यांवर बांगड्यांचे तोडे टांगलेले असायचे. ते सगळे एकदम वाजायला लागायचे. पहिल्या बाजाराला पोहोचलो आणि ताडपत्री काढली, तर तळाशी हिरवा, लाल, पिवळा चुरा.

अक्कांनी चुरा पंच्यात गोळा केला. मग म्हणाल्या, "आज गैरच वाढन्या वं." गैर म्हणजे त्यांच्या बोलीत खूप.

लग्न दीड महिन्यावर आलं होतं. चुड्याच्या बांगड्या त्यांनी फिरोजाबादहून खास मागवल्या होत्या, पातळ काचेच्या. हळू चालवून नेता आल्या असत्या, मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या की नवरीचा चुडा चोरासारखा हळूहळू न्यायचा नसतो. आणि दुसरं, ते त्या बऱ्याच वेळानं बोलल्या. रोशनीच्या घरात आधीच कुणाच्या तरी मनात किंतू असणार. अशात चुड्यातली एक जरी बांगडी वाटेत वाढली, तर सगळे अक्कांच्या कपाळाकडे बघणार.

मिस्तरी म्हणजे चाळीसगाव रोडवरचा एक जाडजूड, हसरा माणूस. गाडी त्यानंच उंच केली होती, म्हणून दोष गाडीचा आहे हे त्याला आधीच माहीत होतं. त्यानं टायर बॅलन्स करून आणले. थरथर तशीच. टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले. तशीच. मग शाफ्टचे क्रॉस बदलले. गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत फिरणारा जो लांब दांडा असतो तो शाफ्ट, आणि त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखे जे सांधे असतात ते क्रॉस. नवे क्रॉस टाकूनही बांगड्या चाळीसला वाजल्याच. मिस्तरी म्हणाला, अक्का, तुमच्या बांगड्याच नाजूक आहेत.

त्यानंतर अक्कांनी गाडी स्वतःच्या हातात घेतली. मला म्हणाल्या, "तू सायन्सनी पोर शे ना? मंग देख."

मी सांगितलं की मी केमिस्ट्री घेतलंय. त्यांना तो भेद पटला नाही. त्यांच्या लेखी सायन्स एकच होतं, आणि ते गाडीच्या खाली जाऊ शकत होतं.

त्यांनी बांगड्यांचे तीन झुबके केले. एक समोरच्या आरशाला बांधला, एक माल ठेवायच्या हौद्याच्या मध्यावर, एक अगदी मागे, आसाच्या वर. मला हौद्यात बसवलं. कोणता झुबका आधी बोलतो ते सांगायचं. सुरत बायपासवर सकाळी सकाळी आम्ही जाऊन येऊन करत होतो. मी मागे ताडपत्रीला धरून बसलेली, डोळे मिटून बांगड्या ऐकतेय. शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्यांना काय वाटत असेल, याचा विचार मी करायचा नाही असं ठरवलं होतं. मागचा झुबका आधी बोलायचा, नेहमी. मग अक्कांनी पन्नासला गाडी न्यूट्रल केली आणि नुसती पळू दिली. इंजिन शांत झालं, पण बांगड्या वाजतच राहिल्या. म्हणजे दुखणं इंजिनात नव्हतं. त्यानंतर जे फिरतं, त्यात होतं. हे मी हौद्यातून ओरडून सांगितलं, आणि अक्कांनी एवढ्या जोरात ब्रेक मारला की मी बांगड्यांसकट पुढे आले.

घरी येऊन मी मोबाइलवर वाचत बसले. बरंचसं इंग्रजीत, बरंचसं मला न कळणारं. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती आणि हळूहळू समजली. क्रॉस वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा तो शाफ्टला एकसारखा फिरवत नाही. प्रत्येक फेऱ्यात थोडा पुढे ढकलतो, थोडा मागे ओढतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस जर तेवढाच वाकलेला असेल, तर तो हा हिसका उलटा देऊन मिटवतो. एक जास्त वाकलेला आणि एक सरळ असेल, तर हिसका मिटवायला कुणीच नसतं. तो मग कमानीत, हौद्यात आणि बांगड्यांत जातो.

हे मिस्तरीला सांगायला मला फार संकोच वाटला. तो आयुष्यभर गाड्यांखाली झोपलेला माणूस. पण अक्का मला ओढतच घेऊन गेल्या. मी भीत भीत गाडीखाली गेले आणि मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप गिअरबॉक्सच्या बाजूला लावून बघितलं, मग मागच्या बाजूला. दोन्ही आकडे सारखे यायला हवे होते. आले नाहीत. मागचा आस शाफ्टकडचं तोंड वर करून बसला होता.

मिस्तरी अजिबात चिडला नाही. उलट अभिमानानं म्हणाला की ते त्यानंच मुद्दाम केलंय. गुटके त्यानं पाचरीसारखे बनवले होते, मागून जाड आणि पुढून बारीक, म्हणजे आसाचं तोंड वर उचललं जाईल आणि शाफ्टकडे सरळ बघेल. "पाहुणा आला की आपण मान वर करून बघतो ना? तसं." ऐकायला इतकं बरोबर वाटत होतं की मीच गोंधळले. मी म्हणाले, पण मग मागचा क्रॉस वाकतच नाही, सगळं वाकणं पुढच्या एकट्यावर येतं. तो म्हणाला, वाकत नाही ते चांगलंच की. मग माझं मन राखायला त्यानं पाचरी उलट्या फिरवून बसवल्या. आस आता जमिनीकडे बघू लागला. गाडी पस्तीसलाच थरथरली. मिस्तरी म्हणाला, बघा. मला वाटलं जमीन दुभंगावी.

अक्का तोपर्यंत लाकडी बाकावर बसून चहा पीत होत्या. त्यांनी कप ठेवला, पिशवीतून एक हिरवी बांगडी काढली आणि मिस्तरीचा हात धरला. तो नाही नाही म्हणत होता, पण मी आधीच सांगितलं की अक्कांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी त्याच्या पंजाची अंगठ्याकडची बाजू तेवढी दाबली, करंगळीकडची तशीच ताठ सोडली, आणि बांगडी ढकलली. कट्. काच वाढली. दुसरी बांगडी काढली. या वेळी दोन्ही बाजू सारख्या दाबल्या, पंजा दोन्हीकडून सारखा आत वळला, आणि तो ग्रीसनं माखलेला जाडजूड हात त्या बांगडीतून पलीकडे गेला.

"एकलाच वाकाडशी तं वाढी," अक्का म्हणाल्या. "दोन्हींना सारखं वाकाड."

एकट्यालाच वाकवलंस तर वाढणारच, असं. मिस्तरी स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग गाडीखाली गेला आणि पाचरी काढून आला. संध्याकाळपर्यंत त्यानं सरळ गुटके बनवून बसवले, दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीचे. मी पुन्हा आकडे बघितले. पुढे जेवढं, मागेही तेवढंच.

बायपासवर गेलो. चाळीस. पन्नास. मी हौद्यात डोळे मिटून बसले होते आणि मला फक्त वारा ऐकू येत होता. साठच्या थोडं पुढे मागचा झुबका बारीक कुणकुणला, कारण गाडी मुळातच उंच, शाफ्ट तिरका, तेवढं राहणारच होतं. अक्कांनी पाय उचलला. म्हणाल्या, साठच्या पुढे जावाले आपण काय मंत्री शेतस का?

मिस्तरीच्या हातातली बांगडी मात्र निघेना. गिऱ्हाइकं हसायला लागली. अक्का म्हणाल्या, आता निघत नाही, घरी जाऊन बायकोला दाखव. साबण लावून निघाली असावी. पण त्यानंतर तो अक्कांना कधी नाजूक बांगड्यांवरून बोलला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. अक्कांनी शर्ट घातला नव्हता. निळी साडी, केस तेल लावून बांधलेले. पायात चप्पलही होती, म्हणजे गाडी काय म्हणते हे त्या दिवशी त्यांना ऐकायचं नव्हतं, विश्वास होता. नाल्यावरची दगडी फरशी आली. गाडी पाण्यातून वर चढली, पोट कुठेही घासलं नाही. मळ्यात पोहोचल्यावर मी ताडपत्री काढून सगळे तोडे तपासले. एकही बांगडी वाढली नव्हती.

रोशनीची आत्या बाहेर आली. आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, पोह्यांचा आग्रह केला. फार प्रेमानं वागली, आणि त्या प्रेमावरूनच मला काहीतरी कळलं. मग ती हळूच म्हणाली की बांगड्या फार सुंदर आहेत, पण चुडा भरायला अक्कांच्या दिरांना बोलावलंय. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं मन राखावं लागतं. रोशनी आत हळदीला बसली होती. तिला कळलं होतं की नाही, ते आम्हाला कळलं नाही.

"बरं करं माय," अक्का म्हणाल्या. "त्याना हात हलका शे."

तो हलका नाही हे त्यांनीच मला अनेकदा सांगितलं होतं. मग त्यांनी आत्याला नीट समजावलं. रोशनीच्या डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं हाड ताठ आहे, तिथे आधी तेल लावा, घाई करू नका. आणि आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर मागचे दांडे रिकामे होते. वाजायला काहीच नव्हतं.  अक्का म्हणाल्या, "देख, गाडी कशी गप चालस." आणि पाय दाबत गेल्या. साठ झाले, पासष्ट झाले. खालून ती बारीक थरथर सुरू झाली, सीटमधून, पाठीतून. अक्कांनी पाय उचलला नाही. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. साक्रीचं वळण आलं तेव्हा गाडी आपोआप हळू झाली.

घरी आल्यावर त्यांनी शर्ट घातला आणि दुसऱ्या दिवसाच्या बाजाराचा माल लावायला घेतला.

माझं शिक्षण झालं. जळगावला पाइपच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली. घरून जाऊन येऊन करते, नशिराबादच्या पुढे आमचं गाव. अक्कांचा फोन अधूनमधून येतो. बहुतेक वेळा गाडीबद्दलच असतो. एकदा विचारलं की कारखान्यात पाइप थरथरतात का. मी म्हणाले नाही. त्या म्हणाल्या, मग तुला कशाला ठेवलंय?

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. रोशनीला सातवा महिना लागलाय आणि ओटीभरणाला माहेरी आणलीय. डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या भरतात. बायका जमल्या, अक्कांचे दीर आले, आणि रोशनीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. अक्का येईपर्यंत हात बाहेर काढणार नाही म्हणाली. म्हाताऱ्यांनी समजावलं, आत्यानं समजावलं, तिनं ऐकलं नाही. शेवटी आत्यानंच धुळ्याला फोन लावला. अक्का बाजाराला निघालेल्या, तशाच, त्या शर्टातच, तिकडे वळल्या.

मी विचारलं, मग?

मग भरल्या, त्या म्हणाल्या. उजवा हात, मग डावा. पण त्याच्या आधी, पहिलीच बांगडी हातावरून चढवताना कट् झाली.  सगळ्या बायका अक्कांच्या कपाळाकडे बघताहेत. रोशनीनं मांडीवरचे तुकडे बघितले, ते बाजूला केले, आणि हात पुन्हा पुढे केला. म्हणाली, "वाढनी, अक्का. दुसरी भर."

मी मूर्खासारखं विचारलं की गाडी पुन्हा थरथरायला लागली का, वाटेत बांगडीला तडा गेला होता का.



"गाडी नही थरथरनी वं," अक्का म्हणाल्या. "मना हातच थरथरना."